चार बहिणी आणि त्यांचं एक गाणं

‘वी आर फॅमिली’ ऐकलं नाही असा माणूस सापडणं कठीण. कंपनीच्या ॲन्युअल डेला, लग्नाच्या संगीतात, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाच्या गॅदरिंगमध्ये, कुठे ना कुठे डीजे ते लावतोच आणि मग सगळे गोल करून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून नाचतात. चांगलंच आहे, गाणं त्यासाठीच आहे. पण ते गाणाऱ्या चौघी खरोखरच सख्ख्या बहिणी होत्या, एका आईबापाच्या, एका घरात वाढलेल्या, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि ज्यांना माहीत असतं ते ‘वन हिट वंडर’ म्हणून मोकळे होतात, त्याचा मला खरंच राग येतो. म्हणून आज ह्या चौघींच्या ग्रुपबद्दल, सिस्टर स्लेजबद्दल लिहायचंय, जरा सविस्तर.

डेबी, जोनी, किम आणि कॅथी स्लेज. गाव अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. डेबी थोरली, १९५४ चा जन्म, आणि कॅथी शेंडेफळ, १९५९ ची. (आणखी एक बहीण होती, कॅरल, पण जगाला माहीत झाल्या त्या ह्या चौघी.) वडील एडविन स्लेज टॅप डान्सर, स्टेजवर नाचणारा माणूस. आई फ्लोरेझ अभिनय करायची. पण गाण्याची खरी सूत्रं होती आजीकडे. व्हायोला विल्यम्स ऑपेरा शिकलेली, आणि कृष्णवर्णीय मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवलेल्या मेरी मॅक्लिओड बेथून यांच्या तालमीत तयार झालेली. त्या काळात कृष्णवर्णीय बाईला ऑपेराच्या स्टेजवर किती जागा मिळायची ते वेगळं सांगायला नको. तर ह्या आजीने नातींना बसवून गाणं शिकवलं, श्वास कुठे घ्यायचा, शब्द कसा सोडायचा, आपला आवाज दुसरीच्या आवाजात कसा मिसळायचा. मुली चर्चमध्ये आणि गावातल्या कार्यक्रमांत गायला लागल्या तेव्हा ग्रुपचं नावच होतं ‘मिसेस विल्यम्सची नातवंडं’. दीनानाथांच्या घरात जशी एक ओळ मुलांच्या कानावर रोज पडत राहिली आणि पुढे पाचही भावंडं गाण्यातच गेली, तसंच हे घर. फरक इतकाच की मंगेशकर भावंडं आपापल्या वाटेने गेली आणि ह्या चौघींना एकत्रच उभं राहून गायचं होतं.

एकत्र गायचं म्हणजे काय हे मला वाटतं आपल्याकडे थोडं कमी समजतं, कारण आपलं संगीत एका गळ्याचं. हार्मनीमध्ये तिघीचौघी एकाच वेळी वेगवेगळे सूर लावतात आणि ते एकमेकांत इतके बसले पाहिजेत की ऐकणाऱ्याला एकच मोठा आवाज वाटावा. सख्ख्या भावंडांना इथे जन्माचा फायदा असतो. गळ्याची ठेवण जवळपास सारखी, आणि लहानपणापासून एकाच घरात बोलल्यामुळे स्वर उच्चारायची पद्धतही एक. ‘ओ’ म्हणताना चौघींचे ओठ सारखेच गोल होणार. बी जीज घ्या, जॅक्सन भाऊ घ्या, डिस्कोच्या काळात एवढी घरं गाजली त्याचं एक कारण हेही आहे असं माझं मत.

आता करिअर. १९७१ मध्ये फिलाडेल्फियातल्याच ‘मनी बॅक’ नावाच्या छोट्या लेबलवर पहिलं रेकॉर्ड निघालं, ‘टाइम विल टेल’. १९७३ मध्ये अटलांटिक कंपनीच्या ॲटको लेबलने साइन केलं. आणि मग सुरू झाली ती वर्षानुवर्षांची वाट बघणं. गंमत बघा, ज्या ठेक्याला पुढे जग डिस्को म्हणायला लागलं तो ठेका घडत होता त्यांच्याच गावात. सिग्मा साउंड स्टुडिओत अर्ल यंग नावाचा ड्रमर १९७३ मध्ये हॅरल्ड मेल्विन आणि ब्लू नोट्सच्या ‘द लव्ह आय लॉस्ट’वर असा वाजवून गेला की चारही मात्रांवर पायाचा ड्रम धप धप धप धप आणि मध्ये हाय-हॅटची उघडी झांज त्स्स त्स्स. झालं, तोच डिस्कोचा पाया. हे सगळं घराजवळ चाललेलं, आणि ह्या चौघी मात्र शो करत फिरतायत, कॉलेजही करतायत (चौघीही टेंपल युनिव्हर्सिटीत शिकल्या, आईचा त्याबाबतीत हट्ट असणार असं मला आपलं वाटतं), आणि हिट काही लागत नाही.

पण ह्या मधल्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. सप्टेंबर १९७४. झाइरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोमध्ये, किन्शासाला मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमनची फाइट होणार होती आणि तिच्याबरोबर तीन दिवसांचा मोठा संगीत महोत्सव ठेवलेला. फोरमनच्या डोळ्याजवळ जखम झाली म्हणून फाइट ढकलली ऑक्टोबरच्या शेवटाला, पण गाणी ठरल्या तारखेलाच झाली. त्या स्टेजवर कोण कोण होतं तर जेम्स ब्राउन, बी. बी. किंग, बिल विदर्स, सेलिया क्रूझ, मिरियम मकेबा. आणि त्यांच्यात ह्या चार पोरी! कॅथी तेव्हा पंधरा वर्षांची. पंधरा! एवढ्या दिग्गजांमध्ये जाऊन, हजारो लोकांसमोर, ज्या खंडातून आपले पूर्वज साखळ्यांनी बांधून नेले गेले त्या खंडात गाणं, हे त्या वयाला काय वाटलं असेल. ज्या ग्रुपला लोक ‘१९७९ मध्ये अचानक आल्या’ म्हणतात त्यांच्या गाठीला हे होतं. अचानक वगैरे काही नाही.

१९७५ मध्ये इंग्लंडात ‘मामा नेव्हर टोल्ड मी’ थोडंफार चाललं, वीसाव्या नंबरपर्यंत. टोकियोच्या संगीत महोत्सवात बक्षीस मिळालं. १९७७ चा अल्बम तर जर्मनीत म्युनिकला जाऊन ‘सिल्व्हर कन्व्हेन्शन’ ह्या तिथल्या डिस्को ग्रुपच्या निर्मात्यांबरोबर केला, तोही पडला. घरच्या देशात कुणी विचारत नाही, बाहेर थोडं कौतुक, असं सगळं. आठ वर्षं झाली होती. ह्या टप्प्यावर चौघींमध्ये हे बंद करावं का अशी बोलणी व्हायला लागली होती, आणि त्यात नवल काहीच नाही.

इथे न्यूयॉर्कमध्ये दुसरीच गोष्ट चालली होती. नाईल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स, गिटार आणि बास, ग्रुपचं नाव शीक. त्यांच्या गाण्यांनी अटलांटिकला चांगला पैसा मिळवून दिला होता. कंपनीचा प्रेसिडेंट जेरी ग्रीनबर्ग खूश होऊन म्हणाला, आमच्याकडचा कुठलाही कलाकार घ्या, रोलिंग स्टोन्स घ्या! आणि ह्या दोघांनी नाही म्हटलं. त्यांचा हिशोब सरळ होता, स्टोन्सचं गाणं हिट झालं तर श्रेय स्टोन्सचं, त्यापेक्षा कुणालाच माहीत नसलेला ग्रुप द्या, म्हणजे आमचं काम दिसेल. मग ग्रीनबर्गने ह्या बहिणींबद्दल सांगायला सुरुवात केली. चांगल्या घरच्या मुली आहेत, चर्चमध्ये वाढलेल्या, सतत एकमेकींना धरून असतात. तो बोलत होता आणि नाईल ते टिपून घेत होता. त्या टिपणांचंच पुढे गाणं झालं. बहिणींना भेटायच्या आधी!

मला हे फार विचार करण्यासारखं वाटतं. ज्या गाण्यात त्या चौघी स्वतःची ओळख जगाला करून देतात, ते लिहिलं दोन परक्या माणसांनी, तिसऱ्याच्या बोलण्यावरून. पण खोटं नव्हतं ते. कधीकधी बाहेरच्याला घर जास्त स्पष्ट दिसतं.

रेकॉर्डिंग झालं मॅनहॅटनमधल्या पॉवर स्टेशन स्टुडिओत, एका जुन्या वीजकेंद्राच्या बिल्डिंगमध्ये. आणि त्या रेकॉर्डिंगची कथा गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी. लीड गायला उभी केली सगळ्यात धाकट्या कॅथीला, वय एकोणीस. तिला गाणं आधी ऐकवलंच नाही. शब्दही दिले नाहीत. माइकपुढे उभी, कानाला हेडफोन, आणि नाईल तिला ओळीमागून ओळ सांगतोय, ती गातेय, पुढची काय आहे तिला पत्ता नाही. मुद्दाम केलं होतं हे, उत्स्फूर्तपणा पाहिजे म्हणून. आणि ती जी लीड गायली ती पहिल्याच टेकची, तीच आज आपण ऐकतो. आता जरा विचार करा की हे कुणाला जमतं? ज्याला लहानपणापासून कुणीतरी इतकं पक्कं करून ठेवलंय की सूर कुठे आहे हे शोधायला लागत नाही, फक्त आनंद कुठे आहे तेवढं बघायचं. आजीने घेतलेली मेहनत त्या टेकमध्ये ऐकू येते. मी तर म्हणेन त्या गाण्याच्या क्रेडिट्समध्ये व्हायोला विल्यम्सचं नाव पाहिजे होतं.

हेडफोन लावून नीट ऐकलंत तर अजून एक गोष्ट कळेल. कोरसमध्ये फक्त बहिणी नाहीत. शीकचे गायकही त्यात मिसळलेले आहेत, आणि त्यात एक आवाज ल्युथर व्हॅन्ड्रॉसचा, जो तेव्हा बॅकग्राउंड सिंगर होता आणि पुढे स्वतः केवढा मोठा स्टार झाला. म्हणजे ‘आम्ही एक कुटुंब’ असं म्हणणाऱ्या त्या आवाजात पहिल्या दिवसापासून घराबाहेरची माणसं होती. खाली एडवर्ड्सचा बास चालू असतो, तो नुसता ताल धरत नाही, तो बोलतो, मध्येच थांबतो, परत उचलतो, आणि वर नाईलची गिटार अशी बारीक चिरत जाते की पाय आपोआप हलायला लागतो. ह्या दोघांना ‘नुसतं नाचायचं म्युझिक’ म्हणून हिणवणाऱ्यांनी ही एकच बासलाइन पूर्ण वाजवून दाखवावी.

अल्बम आला जानेवारी १९७९ मध्ये. पहिलं गाणं ‘ही इज द ग्रेटेस्ट डान्सर’, अमेरिकेत टॉप टेनमध्ये आणि आर अँड बीच्या, म्हणजे कृष्णवर्णीय संगीताच्या, यादीत पहिलं. ह्या गाण्यातली एक ओळ, त्या नाचणाऱ्या पोराला मला घरी घेऊन चल असं म्हणणारी, बहिणींना अजिबात पसंत नव्हती. चर्चमधल्या मुली, हे आमच्या तोंडी शोभत नाही, बदला म्हणाल्या. नाईल आणि बर्नार्ड ऐकेनात. गाणं म्हणून ते दोघं बरोबर असतीलही, पण बहिणींचं म्हणणंही मला तितकंच पटतं, कारण गाण्याबरोबर तोंड त्यांचं दिसणार होतं, लिहिणाऱ्यांचं नाही. मग ‘वी आर फॅमिली’ दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं, अल्बम तिसऱ्या. ‘लॉस्ट इन म्युझिक’ आणि ‘थिंकिंग ऑफ यू’ही त्याच अल्बमवर. एका अल्बमवर अशी चार गाणी असलेल्यांना कुणी वन हिट वंडर म्हणावं?

आणि आता १९७९ चा उन्हाळा, जो मला ह्या सगळ्या कहाणीत सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो.

१२ जुलै, शिकागो, कोमिस्की पार्क, बेसबॉलचं मैदान. स्टीव्ह डाल नावाचा रेडिओ जॉकी, ज्याची आधीची नोकरी स्टेशनने डिस्को लावायचं ठरवल्यावर गेली होती, त्याने जाहीर केलं की डिस्कोचं एक रेकॉर्ड घेऊन या आणि ९८ सेंटमध्ये मॅच बघा, दोन मॅचच्या मध्ये आम्ही ती रेकॉर्ड्स स्फोटकं लावून उडवणार. पन्नास हजारांच्या आसपास लोक आले. स्फोट झाला, लोक मैदानात घुसले, जाळपोळ, दुसरी मॅच खेळताच आली नाही. त्या दिवशी तिथे अटेंडंट म्हणून काम करणारा व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय पोरगा, जो पुढे हाउस म्युझिकमधला, म्हणजे डिस्कोतूनच निघालेल्या नाचाच्या संगीतातला, महत्त्वाचा माणूस झाला, त्याने नंतर सांगितलंय की लोकांनी आणलेली कितीतरी रेकॉर्ड्स डिस्कोची नव्हतीच, नुसती कृष्णवर्णीय कलाकारांची होती. हे वाचल्यावर ‘आम्हाला फक्त डिस्को आवडत नव्हतं’ ह्या युक्तिवादावर विश्वास ठेवणं मला अवघड जातं. डिस्को हे कृष्णवर्णीयांचं, लॅटिनोंचं, समलिंगी लोकांचं, बायकांचं संगीत होतं. राग नेमका कशाचा होता ते दिसतंच.

आणि त्याच उन्हाळ्यात, त्याच बेसबॉलमध्ये, पिट्सबर्ग पायरेट्स नावाच्या टीमने ‘वी आर फॅमिली’ आपलं गाणं म्हणून उचललं. कॅप्टन विली स्टार्जेल, एकोणचाळीस वर्षांचा, टीममधले सगळे त्याला पॉप्स म्हणायचे. कृष्णवर्णीय, लॅटिन, गोरे, सगळे एका ड्रेसिंगरूममध्ये, आणि मैदानावर हे गाणं वाजतंय. ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे सात मॅचच्या फायनलमध्ये, बाल्टिमोर ओरिओल्सपुढे १-३ असे मागे पडले, आणि तिथून सलग तीन मॅच जिंकून सिरीज खिशात घातली. स्टार्जेल सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू. एका मैदानात डिस्को जाळलं जातंय आणि दुसऱ्या मैदानात डिस्कोच्या तालावर टीम वर्ल्ड चॅम्पियन होतेय, तीन महिन्यांच्या अंतराने. डिस्को १९७९ मध्ये मेलं असं जे सरसकट लिहितात ना, त्यांनी पिट्सबर्गला जाऊन विचारावं.

अर्थात इंडस्ट्री घाबरली हे खरं. रेडिओवाल्यांनी हात आखडता घेतला आणि ज्यांच्या नावावर डिस्कोचा शिक्का बसला होता त्यांचे वांधे झाले. शीकला परत तसं यश कधी मिळालंच नाही. बहिणींचा १९८० चा ‘लव्ह समबडी टुडे’ त्याच दोघांनी केलेला, आणि चांगला अल्बम आहे, पण हवा बदलली होती. (आपल्याकडे उलटं. ‘कुर्बानी’ १९८० चा, ‘डिस्को दीवाने’ १९८१ चा, ‘डिस्को डान्सर’ १९८२ चा. तिकडे राख झालेली आणि मुंबईत नुकती कुठे आग पेटत होती, आणि तीही पेटवली बऱ्याच अंशी नाझिया आणि झोहेब ह्या भावंडांनीच.)

१९८१ मध्ये बहिणींनी नॅराडा मायकल वॉल्डन ह्या निर्मात्याबरोबर अल्बम केला, स्वतः लिहायला लागल्या. १९८२ मध्ये ‘माय गाय’ हे मोटाउन ह्या रेकॉर्ड कंपनीचं जुनं गाणं परत गायलं, थोडं चाललं. आणि मग हात दिला इंग्लंडने. १९८४ मध्ये ‘थिंकिंग ऑफ यू’ पाच वर्षांनी तिथल्या चार्टवर वर चढलं, ‘लॉस्ट इन म्युझिक’चं नवीन मिक्स चौथ्या नंबरला गेलं, आणि १९८५ मध्ये ‘फ्रँकी’ चार आठवडे पहिल्या नंबरवर. ‘फ्रँकी’ मला स्वतःला फारसं आवडत नाही, गोड आहे पण हलकं आहे, पण आपल्या देशाने मोडीत काढलेल्या बहिणी समुद्रापलीकडे पहिल्या नंबरवर बसल्या ह्याचा मला आनंद होतोच.

१९८९ मध्ये कॅथी बाहेर पडली. सोलो करिअर. मग पुढची बरीच वर्षं एकीकडे कॅथीचे शो, दुसरीकडे बाकीच्या बहिणींचे, आणि गाणं दोन्हीकडे तेच. ह्यावर लोक फार सहज टोमणा मारतात, की बघा फॅमिलीचं गाणं गाणाऱ्यांचीच फॅमिली फुटली. मला तो टोमणा हीन वाटतो. बारा-चौदा वर्षांच्या वयापासून एकीच्या श्वासावर दुसरीने श्वास घ्यायचा, एकच मेकअप रूम, एकच बस, एकच हिशोबाची वही, आणि त्यात धाकटीचा आवाज सगळ्यांना ओळखीचा आणि बाकी तिघींचा ‘मागचा’, हे कुठल्या घराने सहज निभावलं असतं? आपल्याकडे एका दुकानावरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात. त्या चौघींनी जवळजवळ अठरा वर्षं हे केलं, ते मला फुटण्यापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

आणि बाकी तिघी नुसत्या मागच्या नव्हत्याच. जोनीने १९९८ मध्ये ‘आफ्रिकन आईज’ हा अल्बम प्रोड्यूस केला आणि त्याच्या प्रॉडक्शनला ग्रॅमी नॉमिनेशन मिळालं. त्याच वर्षी विल स्मिथने ‘ग्रेटेस्ट डान्सर’चा तुकडा घेऊन स्वतःचं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरला नेलं, म्हणजे नवीन पिढी न कळत ह्यांच्याच रेकॉर्डवर नाचत होती. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर नाईल रॉजर्सने दोनशेच्या वर लोकांना घेऊन ‘वी आर फॅमिली’ परत रेकॉर्ड केलं. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस फिलाडेल्फियाला आले तेव्हा कुटुंबांच्या महोत्सवात डेबी, जोनी आणि किमने त्यांच्यासमोर हे गाणं गायलं, स्वतःच्या गावात. चर्चमधून निघालेल्या मुली.

१० मार्च २०१७ ला जोनी गेली, साठ वर्षांची होती. त्याच महिन्याच्या शेवटी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘वी आर फॅमिली’ राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करायच्या यादीत घातलं. थोडे दिवस आधी जाहीर केलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मनात येतंच.

डेबीच्या बरोबर आता घरातली पुढची पिढी गाते, कॅथी तिच्या बँडबरोबर फिरते, दोघींचेही व्हिडिओ सापडतील, बघा. पण त्याआधी एक करा. ‘वी आर फॅमिली’चं ते साडेतीन मिनिटांचं रेडिओवालं नको, अल्बममधलं आठ मिनिटांच्या वरचं लावा, आणि शब्द संपल्यावर बंद करू नका. शेवटी कोरस चालूच राहतो आणि त्याच्यावर कॅथी सुटते, एकेक हाक, एकेक तान, प्रत्येक वेळी वेगळी, कुठेही धाप नाही, कुठेही सूर हललेला नाही. ते ऐकून झालं की लगेच ‘थिंकिंग ऑफ यू’ लावा, आणि ह्या वेळी कॅथीला सोडून मागच्या आवाजांवर कान ठेवा.